लाकूड कुरतडणारा प्लेको: आधी दात बघा, मग टँक ठरवा

टँकच्या तळाशी लाकडाला चिकटून बसलेला, अंगभर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असलेला आणि दिवे गेले की खर्र-खर्र आवाज करत लाकूड खरवडणारा मासा म्हणजे पॅनाके नावाचा प्लेको किंवा त्याचा जवळचा नातलग. 'रॉयल प्लेको', 'क्लाउन प्लेको', 'फ्लॅश प्लेको' अशा नावांनी तो विकला जातो. त्याच्याबरोबर एक सल्लाही हमखास मिळतो: 'लाकडाचा एक तुकडा टाका, बाकी काही बघावं लागत नाही.' हा सल्ला ऐकून आणलेले मासे महिनोन् महिने हळूहळू वाळत जातात, आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. लाकूड या माशाला हवंच. पण नुसत्या लाकडावर तो जगत नाही. पुढचं सगळं या दोन वाक्यांभोवती फिरतं.

दात, गाल आणि पाठीवरचा पर

प्लेको म्हणजे लोरिकॅरिडी कुळातले मासे. हे सगळे मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातले. कुळ प्रचंड मोठं आहे आणि त्यातले बहुतेक मासे शेवाळ, गाळ, कीटकांच्या अळ्या असलं काहीबाही खातात. लाकूड खरवडणं ही मोजक्यांचीच खासियत. त्यामुळे समोरचा मासा त्या मोजक्यांपैकी आहे का, हे आधी ठरवायला हवं. रंगावर जाऊ नका. पट्टे तर निम्म्या प्लेकोंच्या अंगावर असतात, शिवाय एकाच माशाचा रंग सकाळी एक आणि घाबरल्यावर भलताच असतो.

खात्रीची खूण तोंडात असते. मासा काचेला चिकटेपर्यंत थांबा आणि समोरून टॉर्चचा उजेड तिरका टाका. ओठांची गोल चकती काचेवर पसरलेली असते आणि मधे दातांच्या ओळी दिसतात. अँसिस्ट्रस, म्हणजे नराच्या नाकाडावर मिशांचं जंगल उगवतं तो प्लेको, त्याच्या तोंडात बारीक, एकसारख्या दातांची लांबच लांब रांग असते. मोजायला गेलात तर कंटाळाल. पॅनाकेचं तसं नाही. जबड्याच्या प्रत्येक बाजूला दात थोडे, बहुधा दहाच्या आत, पण जाड, आणि टोकाशी चमच्यासारखे पसरट, खोलगट. खालच्या जबड्यातल्या दोन ओळी सरळ रेषेत न येता एकमेकींना टोकदार कोनात भेटतात, त्यामुळे 'व्ही' अक्षरासारखा आकार दिसतो. या दातांनी मासा लाकडाचे खरोखर कपचे काढतो. टोकं झिजली की मागून नवे दात येतात.

दात थोडे आहेत एवढ्यावर मात्र निर्णय देऊ नका. झेब्रा प्लेको ज्या हायपॅन्सिस्ट्रस गटातला, त्या गटातही खालच्या जबड्यात दात कमीच असतात. पण ते दोन टोकांत दुभंगलेले असतात, चमच्यासारखे नसतात, आणि त्या माशांना प्राण्यांपासून बनलेलं अन्न जास्त लागतं. एकाचा आहार दुसऱ्याला दिला तर दोघांचंही नुकसान. म्हणून दात मोजण्यापेक्षा त्यांचा आकार बघा.

दुसरी खूण गालावरची. पॅनाके आणि त्याचा लहान भाऊबंद पॅनाकोलस या दोन्ही प्रजातींत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) कल्ल्याच्या झाकणाजवळ काट्यांचा झुबका असतो. एरवी तो अंगालगत मिटलेला. मासा चिडला किंवा घाबरला की काटे बाजूला फिसकारतात. टोकं आकड्यासारखी वळलेली असल्यामुळे ते जाळीत अडकतात. हा मासा जाळीने न पकडता पारदर्शक डब्यात हाकलून उचलायचा तो याचसाठी. अडकलाच तर ओढाताण नको, सरळ जाळी कात्रीने कापा. जाळी नवी मिळते.

तिसरी खूण पाठीवरच्या पराची. ती सगळ्यात सोपी, पण तिचा उपयोग फक्त एक शक्यता बाद करण्यापुरता. पुढचा जाड काटा सोडून मागचे मऊ किरण मोजा. सात असतील तर मासा पॅनाके, पॅनाकोलस, हायपोस्टोमस यांपैकी कुणीही असू शकतो, इतरही पुष्कळ प्लेको सात किरणांचेच असतात. नऊ किंवा त्याहून जास्त भरले आणि पर शिडासारखा मोठा असेल, तर तो टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे सर्रास 'सकर' म्हणून विकला जाणारा मासा. त्याला लाकूड आवडतं, पण तो या लेखातला मासा नाही.

तीन गट, तीन वेगळी माणसं

पॅनाके ही मोठ्या माशांची प्रजाती. तिची स्थापना १८८९ ची. रॉयल प्लेको म्हणून प्रसिद्ध असलेला पॅनाके नायग्रोलिनिॲटस त्याही आधी, १८७७ साली वर्णन झालेला. तो व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. राखाडी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या काळसर रेघा, लाल डोळे, आणि मोठ्या माशांत शेपटीच्या दोन्ही टोकांना लांबलेले तंतू. हौशी लोकांच्या भाषेत हा एल१९० (हे एल-क्रमांक काय ते पुढे सांगतो). बोटाएवढं पिल्लू दुकानात गोंडस दिसतं, पण हा मासा चाळीस सेंटिमीटरच्या घरात जातो. सावकाश जातो म्हणून फसगत होते. वाढ दिसत नाही, तेव्हा टँक पुरेसा वाटत राहतो.

ब्राझीलमधल्या टोकांटिन्स, शिंगू, टापाजोस या नद्यांतून येणारा एल०२७ हा आता पॅनाके आर्मब्रस्टेरी. त्याला हे नाव २०१० साली मिळालं. त्याआधी वर्षानुवर्षं तो रॉयल प्लेकोचाच एक प्रकार मानून विकला जात होता, आणि अजूनही जातो. निळ्या डोळ्यांचा, रेघा नसलेला, काळाभोर पॅनाके कॉक्लिओडॉन कोलंबियातल्या मॅग्डालेना आणि काउका नद्यांचा. तो दिसला की भल्याभल्यांचा विवेक सुटतो. लांबचा प्रवास झालेला आणि उपाशी राहिलेला निळा डोळा वाचवणं कठीण असतं, म्हणून अनुभव नसेल तर हा मोह टाळलेला बरा.

पॅनाकोलस हा छोट्यांचा गट, २००१ साली पॅनाकेपासून वेगळा काढलेला. दात तेच, गालाचे काटे तेच, अंगकाठी लहान. यांच्या अंगावर रेघा लांबीने न जाता बहुधा तिरक्या, आडव्या पट्ट्यांच्या रूपात असतात. क्लाउन प्लेको, म्हणजे पॅनाकोलस मॅकस, ओरिनोकोच्याच खोऱ्यातला. तो नऊ-दहा सेंटिमीटरवर थांबतो, आणि एल१०४ किंवा एल१६२ या क्रमांकांनी विकला जातो. फ्लॅश प्लेको, म्हणजे पॅनाकोलस अल्बिवर्मिस, पेरूमधला. काळपट अंगावर बारीक, नागमोडी पांढऱ्या रेघा, क्रमांक एल२०४, शास्त्रीय वर्णन २०१३ चं. क्लाउनपेक्षा थोडा मोठा होतो. पहिला लाकूडखाऊ प्लेको आणायचा असेल तर माझं मत सरळ आहे: क्लाउन आणा. तो काटक आहे, साध्या टँकमध्ये मावतो आणि घरात प्रजननही करतो.

एक इशारा. 'क्लाउन प्लेको' या नावाखाली पेकोल्टिया गटातले पट्टेरी मासेही खपवले जातात. त्यांचे दात बारीक आणि पुष्कळ असतात. पुन्हा तोंडाकडेच वळावं लागतं.

तिसरा गट हायपोस्टोमस कॉक्लिओडॉन आणि त्याचे भाऊबंद. दात चमच्यासारखेच, पण गालावरचे काटे पॅनाकेसारखे फिसकारत नाहीत. रंग बहुधा साधा तपकिरी, ठिपक्यांचा. बाजारात हे फार कमी दिसतात आणि आले तरी ओळखले जात नाहीत. नुसतं 'कॉक्लिओडॉन' म्हटलं की वर सांगितलेला निळ्या डोळ्यांचा पॅनाकेही त्याच नावाचा, त्यामुळे पहिलं नाव विचारल्याशिवाय खरेदी करू नका.

एल-क्रमांकांबद्दल थोडं. जर्मनीतल्या 'डाट्झ' या मासिकाने १९८८ साली ही पद्धत सुरू केली, कारण शास्त्रीय नाव मिळण्याच्या कितीतरी आधी नवे प्लेको बाजारात येत होते. क्रमांक म्हणजे जात नव्हे. एका जातीला दोन-तीन क्रमांक असू शकतात, जसे क्लाउनला आहेत. क्रमांक विक्रेत्याने सांगितला म्हणून खरा असंही नाही. सोबत नदीचं नाव सांगता आलं तर विश्वास ठेवायला थोडी जागा आहे.

लाकूड पोटात जातं, अंगी लागत नाही

या माशांच्या आतड्यात सेल्युलोज, म्हणजे लाकडातला तंतुमय घटक, तोडणारे जीवाणू असल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं, आणि 'वाळवीप्रमाणे लाकूड पचवणारा मासा' अशी त्याची ख्याती पसरली. पुढे डोनोव्हन जर्मन या संशोधकाने २००९ साली प्रकाशित केलेल्या कामातून वेगळंच चित्र समोर आलं. रंगवलेलं लाकूड माशाच्या पोटातून चार तासांच्या आत बाहेर पडत होतं. लाकूड आंबवून पचवायला इतका वेळ पुरतच नाही. प्रयोगशाळेत नुसतं लाकूड खाणाऱ्या माशांचं वजनही घटलं. मग हा मासा एवढा खटाटोप करतो कशासाठी? उत्तर असं निघतं की कुजणाऱ्या लाकडात बुरशी, जीवाणू आणि त्यांनी अर्धवट फोडलेले विद्राव्य पदार्थ असतात, आणि माशाला पोषण त्यातून मिळतं. लाकडाचा भुसा मात्र तसाच बाहेर.

हे टँकच्या काचेतूनही दिसतं. रात्रभर खरवडलेल्या लाकडाखाली सकाळी फिकट तपकिरी भुशाचे गोळे पडलेले असतात. बोटांत चुरडले तर चक्क लाकडाचा भुसा. बाजारातलं नवं, टणक, धुऊन-उकळून निर्जंतुक केलेलं लाकूड म्हणजे या माशासाठी जवळजवळ रिकामी थाळी. ते काही महिने पाण्यात राहिलं, त्यावर चिकट थर धरला, वरचा पापुद्रा मऊ पडला, की त्यात थोडा अर्थ येतो. आणि निसर्गात अख्खी झाडं नदीत पडून वर्षानुवर्षं कुजत असतात. टँकमधला हातभर तुकडा त्याची बरोबरी करू शकत नाही.

दुकानात काय बघायचं

माशाला काचेवर चिकटू द्या आणि खालून पोट बघा. पोट सपाट किंवा किंचित गोल हवं. आत गेलेलं, कडांना घडी पडलेलं, परांच्या मागे खळगा दिसणारं पोट म्हणजे उपासमार. मग डोळे बघा. खोल गेलेले डोळे ही त्याहून वाईट खूण, पोट एकदा सुधारतं पण डोळे खोल गेलेला मासा क्वचितच सावरतो. विक्रेत्याला मासा खाताना दाखवायला सांगा. रात्री खाणारा मासा भर उजेडात खाईलच असं नाही, पण टँकमध्ये भाजीचा तुकडा नाही, लाकूड नाही आणि मासे मात्र तीन आठवड्यांपासून आहेत, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

जंगलातून पकडलेले मासे बरेचदा परजीवी घेऊन येतात. किमान चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. तो टँक उघडाबोडका नको. त्यात लपायला नळी, आधीपासून मुरलेलं लाकूड आणि चालू टँकमधून आणलेला, जीवाणू बसलेला स्पंज फिल्टर हवा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल तर आतड्यात काहीतरी आहे. भुसा असलेली तपकिरी विष्ठा दिसू लागली की समजा मासा खातोय.

टँक मांडताना

क्लाउनच्या जोडीला शंभर लिटर पुरतात, फ्लॅशला दीडशेच्या पुढे. रॉयलसाठी लिटरपेक्षा लांबी-रुंदी बघा: १८० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, त्यापेक्षा कमी नको. अरुंद टँकमध्ये चाळीस सेंमीचा ताठ मासा नीट वळूही शकत नाही. ॲक्रिलिकच्या टँकमध्ये मोठा पॅनाके ठेवू नका, त्याच्या दातांचे ओरखडे कायमचे राहतात. प्लास्टिकच्या नळ्या, सक्शन कप, फिल्टरच्या जाळ्या हेही तो चाखून बघतो. हीटरला जाळीचं आवरण घाला, नाहीतर ऊब मिळते म्हणून मासा त्याला टेकून बसतो आणि पोटाची कातडी भाजते. पोटाला चिलखताच्या पट्ट्या नसतात, तिथली कातडी उघडीच असते.

फिल्टर हा या टँकमधला खरा प्रश्न. एवढासा क्लाउनसुद्धा रोज भुशाचा ढीग घालतो. तो भुसा फिल्टरच्या तोंडाशी जातो, स्पंज तुंबतो, प्रवाह मंदावतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. ज्या पाण्यात हे मासे वाढले ते वाहतं असतं, त्यामुळे प्राणवायू कमी झालेला त्यांना लगेच जाणवतो. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर बसणारा बंद डब्याचा फिल्टर) घ्या, त्याच्या इनलेटवर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडावर, जाड जाळीचा प्रीफिल्टर स्पंज लावा आणि तो आठवड्यातून किमान एकदा टँकच्याच पाण्यात पिळा. आतलं जैविक माध्यम, म्हणजे ज्यावर जीवाणू बसतात ते, मात्र वारंवार धुऊ नका. टँकमधल्या पाण्याच्या सहा-आठ पट पाणी दर तासाला फिरेल असा हिशेब धरा. वर पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी चांगलं हलतं ठेवा.

तापमान २५ ते २८ अंश. पीएच साडेसहा ते साडेसात असला की चिंता नको. एखाद्या आकड्याच्या मागे लागून रसायनं ओतण्यापेक्षा पाणी स्थिर राहणं महत्त्वाचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत. दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदला, रॉयलच्या टँकमध्ये पन्नास टक्के. भुसा तळाशी साचतो म्हणून वाळू बारीक आणि थर पातळ ठेवा, सायफन मारणं सोपं जातं. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट काचेवर टेकवा, कारण हा मासा खणतो आणि दगड त्याच्याच अंगावर कलंडतो.

वनस्पतींचा हट्ट रॉयलबरोबर सोडा. क्लाउनबरोबर अॅनुबियास, जावा फर्न चालतात, पण त्या दगडाला बांधा. लाकडाला बांधलेली झाडं तो लाकूड खरवडताना सहज सोलून टाकतो.

लाकूड निवडणं

पानझडी झाडांचं, पूर्ण वाळलेलं, राळ नसलेलं लाकूड हवं. मोपानी दिसायला सुरेख पण इतकं टणक की मासा त्याला फारसं काही करू शकत नाही. ते लपायला ठेवा, खायला नव्हे. स्पायडरवूडसारखं थोडं मऊ लाकूड पाण्यात टाकल्यावर पहिले काही आठवडे पांढरट बुरशीने लडबडतं. बरेच लोक घासून ती काढून टाकतात. पॅनाकोलसच्या टँकमध्ये मात्र काढायची गरज नाही, त्यांना ती आवडते. पाण्याखाली बुडून मऊ झालेलं जुनं लाकूड तर सोन्याहून पिवळं.

पाइन, देवदार असल्या राळवाल्या जाती नकोत. रंग, पॉलिश, गोंद, वाळवीचं औषध लागलेलं काहीही नको. प्लायवूड अजिबात नको. समुद्रकिनाऱ्यावरून उचललेलं लाकूड मीठ सोडत राहतं. बागेतून आणायचं असेल तर फवारणी होत नसल्याची खात्री करून घ्या.

लाकूड उकळून किंवा दोन-तीन आठवडे भिजवून घ्या, म्हणजे ते बुडतं आणि चहाच्या रंगाचा पहिला लोट निघून जातो. त्यानंतरही पाणी थोडं तपकिरी राहील. त्याने काही बिघडत नाही. एकाच मोठ्या ओंडक्यापेक्षा मध्यम आकाराचे चार-पाच तुकडे ठेवा, आणि एखादा तुकडा पातळ होत चालला की दुसरा बादलीत भिजत घाला. एका बाजूने पोखरलेला ओंडका अचानक मोडतो, तेव्हा वरच्या टोकावर दगड किंवा झाड बांधलेलं नसावं.

रोजचं खाणं

खायला घालायची वेळ: दिवे बंद केल्यावर. दिवसा टाकलेलं अन्न टेट्रा आणि बार्ब फस्त करतात आणि तुम्हाला वाटतं प्लेकोचं पोट भरलं.

आहाराचा कणा म्हणजे भाज्या, आणि इथे या माशाच्या दातांचा फायदा घ्या. इतर प्लेकोंसाठी भाज्या वाफवून मऊ कराव्या लागतात. पॅनाकेला कच्चं रताळं, कच्चं गाजर, लाल भोपळ्याची फोड तशीच द्या. स्टीलच्या काट्याला टोचून बुडवली की झालं. टणक फोड रात्रभर पुरते, पाणी खराब करत नाही आणि माशाला खरवडण्याचं काम मिळतं. सकाळी फोडीवर दातांचे समांतर चरे दिसतात. ते बघून कोण, किती खातंय याचा अंदाज येतो: बारीक, उथळ चरे क्लाउनचे, खोल आणि रुंद खाचा मोठ्या पॅनाकेच्या. काकडी सगळे आवडीने खातात, पण ती जवळजवळ पाणीच. तिच्यावर मासा पोसला जात नाही. रताळं आणि भोपळा यांना प्राधान्य द्या, अधूनमधून मटार, पालक.

भाजी आठवड्यातून चार-पाच रात्री, उरलेली चोवीस तासांत काढायची. बाकीच्या रात्री शेवाळ किंवा वनस्पतींपासून बनवलेले वेफर. पाकिटामागची यादी वाचा. 'अल्गी वेफर' असं ठळक लिहिलेल्या पुष्कळ पाकिटांत पहिला घटक माशांचा भुगा असतो. प्राणिज प्रथिनं पूर्ण वर्ज्य नाहीत. आठवड्यातून एकदा थोडं कोळंबीचं किंवा डॅफ्नियाचं (पाण्यातल्या बारीक जिवांचं) अन्न चालतं, पिल्लांना आणि अंडी धरणाऱ्या माद्यांना ते लागतंच. पण रोज मांसाहारी गोळ्या दिल्या तर लांबलचक, पातळ आतड्याच्या या माशाचं पोट फुगतं, आणि फुगलेला पॅनाके बरा करणं उपाशी पॅनाकेला सावरण्याइतकंच अवघड.

महिन्यातून एकदा, मासा काचेवर असताना खालून पोटाचा फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला हळू होणारा बदल दिसत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. पोट आत जात असेल तर आधी बघा, दुसरा कोणी त्याचं खाणं पळवतोय का. बहुतेकदा चोर टेरिगोप्लिक्थिस किंवा एखादा धष्टपुष्ट अँसिस्ट्रस असतो. त्यांच्या खाण्याच्या वेगापुढे पॅनाके टिकत नाही. वेगळं करणं हाच उपाय.

सोबत

मधल्या आणि वरच्या पाण्यात राहणारे शांत मासे कोणतेही चालतात. तळाशी कोरिडोरास हरकत नाही. दोन मोठे पॅनाके मात्र एका टँकमध्ये ठेवायचे असतील तर जागा आणि गुहा भरपूर हव्यात. लहानपणी गुण्यागोविंदाने राहिलेली जोडी मोठेपणी एकमेकांचे पर फाडते. क्लाउन तीन-चार ठेवता येतात, प्रत्येकाला स्वतःची नळी असली म्हणजे झालं. डिस्कससारख्या चपट्या, मंद माशांबरोबर भुकेला प्लेको नको, रात्री तो त्यांच्या अंगावरचा चिकट थर खरवडायला जातो.

औषधं जपून

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर आधी तापमान दोन-तीन दिवसांत हळूहळू तीस अंशांपर्यंत न्या आणि हवेचा पंप वाढवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. तांबं असलेली औषधं या कुळातल्या माशांना सोसत नाहीत. इतर औषधंही अर्ध्या मात्रेपासून सुरू करून माशाचा श्वास बघत पुढे जा. आतड्यातल्या फ्लॅजेलेट परजीवींसाठी मेट्रोनिडॅझोल वापरतात, ते माशांच्या डॉक्टरला किंवा जाणकाराला विचारून, वेगळ्या टँकमध्ये. औषध चालू असेपर्यंत फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा.

घरात पिल्लं हवी असतील तर

रॉयलचा विचार सोडून द्या, तो टँकमध्ये फार क्वचित प्रजनन करतो. क्लाउनची गोष्ट वेगळी. मातीच्या नळ्या घ्या: आतून तीन-चार सेंमी रुंद, बारा-पंधरा सेंमी लांब, एक तोंड बंद. नर आत शिरल्यावर अंग दोन्ही बाजूंना टेकेल इतकीच रुंदी हवी, ऐसपैस नळी त्याला पसंत पडत नाही. वयात आलेला नर ओळखायला वरून बघा. शेपटीकडच्या अर्ध्या अंगावर आणि छातीच्या परांच्या काट्यांवर बारीक केसांसारखे काटे वाढलेले दिसतात. मादीचं पोट वरून गोल भरलेलं असतं.

दोन आठवडे पाणी कमी बदला आणि तापमान २८ च्या आसपास ठेवा. मग काही दिवस रोज थोडं, किंचित गार आणि मऊ पाणी घाला आणि प्रवाह वाढवा. पावसाळ्यात नदी फुगते तेव्हा असंच होतं, आणि त्यावर मासे प्रतिसाद देतात. नर मादीला नळीत अडकवून धरतो, अंडी पडल्यावर तिला बाहेर हाकलतो आणि स्वतः तोंडाशी बसून पराने वारा घालत राहतो. त्याला या दिवसांत खाणं फारसं लागत नाही. नळी हलवून आत डोकावू नका, घाबरलेला नर अंडी बाहेर ढकलून देतो. पिवळसर-केशरी अंडी साधारण आठवड्याने फुटतात आणि पोटाची पिवळी पिशवी संपायला आणखी दहा-चौदा दिवस लागतात.

पिशवी संपली की पिल्लांना जाळीच्या पेटीत त्याच टँकमध्ये ठेवा, पाणी तेच राहतं. पेटीत मुरलेल्या, मऊ लाकडाचा तुकडा पहिल्या दिवसापासून हवा. पिल्लं त्याला चिकटून त्यावरचा थर खातात. सोबत वाफवलेल्या भोपळ्याचा तुकडा आणि वेफरची चिमूटभर पूड, दिवसातून दोनदा, आणि उरलेलं तासाभरात ड्रॉपरने काढायचं. या वयात उपासापेक्षा घाणेरड्या पाण्याने जास्त पिल्लं मरतात. वाढ फार सावकाश होते, तीनेक सेंमी व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर कुणाला द्यायची घाई नको, आणि देताना नवीन मालकाला लाकडाचा एक मुरलेला तुकडाही बरोबर द्या. नको झालेला मासा नदीत किंवा तळ्यात सोडायचा नाही हेही त्याच वेळी सांगा. सोडलेल्या टेरिगोप्लिक्थिसनी मेक्सिको, फ्लोरिडा आणि दक्षिण आशियातल्या पाण्यांत स्थानिक माशांची काय गत केली आहे हे त्या-त्या ठिकाणचे मच्छीमार रोज बघतात.